पांढरा हात

पगाराच्या कागदावर स्तामाताचा हुद्दा एकाच शब्दाचा होता: धुणारी. चाळीस वर्षं तिनं खापऱ्या धुतल्या. पालिओव्रिसी गावाच्या वर, डोंगराच्या उतारावर, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कबरी आहेत. उन्हाळा लागला की सरकारी खोदकाम सुरू व्हायचं आणि जमिनीतून जे फुटकंतुटकं निघेल ते पेट्या भरभरून खाली तिच्या टबापाशी यायचं. माती खरवडायची नाही, भिजू द्यायची. ब्रश कडांवर फिरवायचा, रंगावर नाही. धुतलेली खापरी सावलीत वाळवायची. हे तिनं मागाहून आलेल्या कितीतरी बायकांना शिकवलं, आणि शिकवताना ती कडक होती. रंगावर ब्रश फिरवणाऱ्या एका मुलीच्या हातावर तिनं फटका मारला होता. त्या मुलीच्या आईनं दारात येऊन तमाशा केला, तरी स्तामातानं माफी मागितली नाही.

हा कडकपणा कुठून आला हे कुणी विचारलं नाही. तिचा स्वभावच तसा, असं गाव म्हणायचं. गावाला एक सोपं उत्तर मिळालं की ते दुसरं शोधायच्या भानगडीत पडत नाही.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा जिल्ह्याच्या संग्रहालयातून तिला बोलावणं आलं. तिथं नवी दालनं बांधून झाली होती आणि अथेन्सहून मिर्तो नावाची एक तिशीतली पोरगी आली होती. पूर्वीच्या लोकांनी जाड सरसानं चिकटवलेली भांडी सोडवून पुन्हा नीट जोडायची, हे तिचं काम. पण तळघरातल्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. कुठली पेटी कुठल्या कबरीची हे सांगू शकेल असं एकच माणूस जिवंत उरलं होतं.

“मावशी, तुमच्या डोक्यात जे आहे ते सगळं मला कॉम्प्युटरमध्ये घालायचंय,” मिर्तो पहिल्याच दिवशी म्हणाली.

“घाल की. मावेल का तेवढं बघ,” स्तामाता म्हणाली, आणि दोघींचं जमलं.

रोज सकाळच्या बसनं ती जायची. बरोबर रानभाजी भरलेली पोळी, थोडे ऑलिव्ह. नवरा थिमिओस वारून नऊ वर्षं झाली होती, मुलगा जर्मनीत होता. घरात बसून करायचं तरी काय? तळघरात गार असायचं आणि खापऱ्यांशी तिची जुनी ओळख होती.

महिन्याभरानं मिर्तोनं लढाईचा रांजण सोडवायला घेतला.

हा रांजण म्हणजे त्या संग्रहालयाची शान. दारूत पाणी कालवायचं मोठं, रुंद पोटाचं भांडं. तांबूस मातीवर काळी चित्रं. दाढीवाला योद्धा ढाल पुढे धरून भाला मारतो आहे आणि त्याच्यासमोर दुसरा गुडघ्यावर कोसळला आहे. कोसळलेल्याचं शिरस्त्राण मागे सरकलंय, बिनदाढीचा चेहरा वर वळलाय, उजवा हात उचललेला. मनगटापाशी चित्र तुटतं. पुढे नुसतं प्लास्टर. नगरपालिकेच्या कॅलेंडरवर हेच चित्र, पोस्टकार्डावर हेच. आणि काचेखाली पाटी: ‘दोन योद्ध्यांची झुंज. पडलेल्या तरुणाचा अखेरचा क्षण.’ नव्या दालनासाठी तीच पाटी आता पितळेवर कोरून घ्यायची होती.

“बिचाऱ्याचा हात काही सापडला नाही,” मिर्तो म्हणाली. “व्रानाससाहेबांनी लिहून ठेवलंय, सगळी कबर चाळून काढली म्हणून.”

“चाळली होती. चाळणीपाशी मीच होते.”

हे खोटं नव्हतं. कबर चाळली होती आणि हात सापडलाही होता. तो पालिओव्रिसीत, तिच्या घरी, मरियमच्या तसबिरीमागे कॉफीच्या एका डब्यात त्रेचाळीस वर्षं पडून होता.

तर ते साल एकसष्ट. स्तामाता पंचवीस वर्षांची. थिमिओस गवंडी, परांचीवरून पडून पाठ मोडून घेतलेला नव्हे, तर नुसताच बेकार. त्या वर्षी कुणी घरं बांधत नव्हतं. खोदकामावर बायका घेणार असं कळलं आणि ती गेली. सरकारी काम म्हटल्यावर पोलिसांचा दाखला लागायचा: घरातलं कुणी यादवीत सरकारविरुद्ध लढायला डोंगरावर गेलेलं नाही, घर स्वच्छ आहे. चौकीतल्या कारकुनानं विचारलं, “भावंडं?”

“एक बहीण. लाम्ब्रिनी. ऑस्ट्रेलियात असते.”

कारकुनानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि शिक्का मारला.

खोदकामाचे मुख्य व्रानाससाहेब. उंच, सभ्य, चष्म्यावाचून दोन हातांवरचं न दिसणारा माणूस. सगळ्या बायकांना ‘लेकी’ म्हणायचा. टबापाशी दोघी असायच्या, स्तामाता आणि डायमांतो. डायमांतो सदा गात असायची आणि गाता गाता काहीतरी फोडायची. साहेब तिला म्हणायचे, “लेकी, दोन हजार वर्षांत जे फुटायचं राहिलं ते तू फोडतेस.” ती आणखी जोरात गायची.

त्या कबरीतल्या खापऱ्यांवर चुन्याचं पुट बसलेलं असायचं, पांढरं, टणक. ते काढायची रीत ठरलेली. पातळ आम्लात खापरी बुडवायची, पुट फसफसतं, सुटतं, मग ब्रशनं साफ करायचं आणि भरपूर पाण्यात सोडायचं. जुलैतल्या एका मंगळवारी तिच्या परातीत एकाच चित्राचे तीन तुकडे आले. शिरस्त्राण आणि चेहरा, खांदा, दंड आणि मनगट, गुडघा. तिन्हींवर पांढरं. तिनं बुडवलं. फसफसलं नाही. तिला वाटलं, हट्टी पुट दिसतंय. तिनं ब्रश घेतला आणि जोर लावून घासलं. पांढरं पाण्यात उतरत गेलं, खालून तुळतुळीत काळं वर आलं, आणि तिला बरं वाटलं. घासताघासता हनुवटीपाशी थोडं उरलं होतं तेव्हा तिचा हात थांबला. ते पांढरं हनुवटीच्या रेघेपाशी नेमकं संपत होतं. एक केसभरही बाहेर नाही. चुना रेघ पाळत नाही, हे कळायला शिकावं लागत नाही. पण तोवर साहेब मागे येऊन उभे होते, आणि घाबरून तिनं उरलेलंही पुसून टाकलं.

साहेबांनी भिंग लावलं. “किती स्वच्छ,” ते म्हणाले. “सगळ्या या, बघा. असं काम हवं.”

तिला आयुष्यात कुणी चारचौघांत शाबासकी दिली नव्हती. तिनं मान खाली घातली. सगळ्यांना ती लाजली असं वाटलं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तुतीखाली बसून साहेब दुसऱ्या एका भांड्यावरचं चित्र दाखवत होते. प्रेतापाशी रडणाऱ्या बायका होत्या त्यावर. “जुना चितारी पुरुषाचं अंग काळं ठेवायचा,” ते म्हणाले. “बाई असली की काळ्यावरून पांढरा हात द्यायचा. चेहरा, हात, पाय. हा पांढरा फार नाजूक. जोरात बोट फिरलं तरी गेला समजा.”

“आणि लढाईत बाई असली तर?” डायमांतोनं उगाच विचारलं.

“तरी पांढरीच. होत्या की त्यांच्या गोष्टींत, रणात उतरणाऱ्या. अमेझॉन. त्या लढतात आणि शेवटी वीर त्यांना मारतो.”

“मारणारच. नाहीतर घरी पाव कोण भाजेल?” डायमांतो म्हणाली आणि सगळे हसले. स्तामातानं हातातला पाव परत फडक्यात गुंडाळला.

शनिवारी चाळणीवर दोन बोटांएवढा एक तुकडा उरला. मातीनं भरलेला. तिनं अंगठ्यानं कडेची माती जराशी सारली आणि खाली पांढरी बोटं दिसली, भाल्याच्या दांडीभोवती आवळलेली. तो कुठे बसणार हे तिला तत्काळ कळलं. काळ्या दंडाला पांढरा हात जोडला की आंधळ्यालाही दिसलं असतं की हिनं काय केलंय. काम गेलं असतं. काम जाणं एक वेळ परवडलं असतं, पण काम जाताना चौकशी होते, चौकशीत पुन्हा दाखला निघतो, आणि दाखल्यात बहीण होती. तिनं तुकडा एप्रनच्या खिशात टाकला.

ही चोरी होती. जमिनीतली वस्तू घरी नेली तर आमच्याकडे तुरुंग होतो, आणि ते तिला माहीत होतं.

साहेबांनी मग पुस्तक लिहिलं. पडलेला तरुण कोण, कुठल्या कथेतला, यावर वीस पानं. एकदा त्यांच्या मनात तो तरुण बसला आणि मग दुसरं काही दिसेना. ते वारले. रांजण संग्रहालयात गेला. शाळेच्या सहली येत, मास्तर पाटी वाचून दाखवत, आणि स्तामाता कधी कामानिमित्त तिथं असली तर बाहेर जाऊन उभी राहायची.

डबा तिनं उघडला नाही. धुतलाही नाही तो तुकडा. तसबिरीपुढे दिव्यात तेल घालताना डबा हलवायची, पुसायची, परत ठेवायची.

आणि बहिणीचं म्हणाल, तर लाम्ब्रिनी ऑस्ट्रेलियात नव्हती.

आमच्याकडे चर्चमध्ये पाव नेताना बरोबर एक कागद देतात. कागदाच्या मध्ये उभी रेघ. डावीकडे जिवंत माणसांची नावं, त्यांच्या आरोग्यासाठी. उजवीकडे गेलेल्यांची, त्यांच्या शांतीसाठी. पाद्री दोन्ही वाचतो. स्तामाताची आई जोवर जगली तोवर दर रविवारी डावीकडे पहिलं नाव लाम्ब्रिनीचं लिहायची. आई गेली, तेव्हा आईचं नाव उजवीकडे गेलं आणि कागद स्तामाताकडे आला. तिनंही लाम्ब्रिनीला डावीकडेच ठेवलं. नवा पाद्री आला तो हसतमुख होता. एकदा म्हणाला, “मावशी, ऑस्ट्रेलियाची हवा मानवलेली दिसते तुमच्या बहिणीला. वय काय झालं?”

“माझ्याहून आठ वर्षांनी मोठी.”

“देव अशीच धडधाकट ठेवो.”

“आमेन,” स्तामाता म्हणाली. बाकावरच्या म्हाताऱ्या बायकांनी आपापल्या मेणबत्त्यांकडे पाहिलं. त्यांतल्या निम्म्या जणींना सगळं ठाऊक होतं. जाणत्यांनी तोंड मिटून ठेवायचं, हा त्या पिढीचा अलिखित करार होता, आणि तो त्यांनी नवरा-बायकोच्या वचनापेक्षा नेकीनं पाळला.

एप्रिलात मिर्तोनं रांजणाचे सगळे तुकडे सुटे केले आणि एक एक दिव्याखाली आडवा धरून बघायला लागली. एका दुपारी तिनं एकच तुकडा पुन्हा पुन्हा दिव्याखाली धरला.

“मावशी, इकडे या. हे काळं बघा. सगळीकडे चकाकतंय आणि इथं, चेहऱ्यावर, मंद आहे. दंडावर पण. गुडघ्यावर पण.” तिनं तुकडा फिरवला. “इथं वरून काहीतरी होतं. आणि कुणीतरी ते घासून काढलंय.”

स्तामातानं तुकडा हातात घेतला, पाहिला आणि परत ठेवला.

“पांढरा असणार. म्हणजे हा तरुण नाहीच मुळी. बाई आहे.” मिर्तोचा आवाज हलका झाला होता. “पण नुसत्या मंदपणावर मला पाटी बदलता येणार नाही. साहेबांच्या वीस पानांविरुद्ध मी उभं काय करणार? अहवालात एवढंच लिहीन, धुताना नुकसान झालं असावं. त्या काळात कोण होतं टबावर?”

“आम्ही दोघी.”

“दुसरी ती डायमांतो ना? वरचे पहारेकरी अजून तिचे किस्से सांगतात. रोज काहीतरी फोडायची म्हणे.” मिर्तोनं वही ओढली. “मग तिच्याच हातचं असणार. बरं, आता ती नाही, तिला काय फरक पडतो. मी तिचं नाव घालते, म्हणजे तुमच्यावर कुणी बोट दाखवायला नको.”

मिर्तोनं हे प्रेमानंच केलं. म्हातारीचं नाव चांगलं राहावं म्हणून. स्तामाताला ती गाणारी, हसणारी बाई आठवली, जिनं आपल्या सात मुलांना टबाच्या पगारावर वाढवलं आणि जिच्या हातून फुटलं ते सगळं तिनं स्वतः जाऊन साहेबांना दाखवलं. एकदाही लपवलं नाही.

“लिहू नकोस अजून,” ती म्हणाली. “उद्यापर्यंत थांब.”

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्याच बसनं आली. पोळी आणली नव्हती. पिशवीतून कॉफीचा डबा काढून तिनं टेबलावर ठेवला.

मिर्तोनं झाकण उघडलं, कापूस बाजूला केला आणि हात मागे घेतला. खापरीच्या कडेवर दिसणारं एवढंसं पांढरं पाहून तिला काय ते कळलं असावं.

“धुतलेला नाही,” स्तामाता म्हणाली. “पाणी दे. मी धुते.”

“मावशी, हे मी...”

“मी धुते गं. आता मला येतं.”

बशीत स्वच्छ पाणी घेतलं. आम्ल नाही, ब्रश नाही. तुकडा तिनं तळहातावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं थेंब थेंब पाणी सोडत राहिली. माती भिजली, फुगली, आपणहून सरकली. पाऊण तास लागला. मग मिर्तोनं तो तुकडा दंडाच्या तुकड्याला लावला. बरोबर बसला. काळ्या मनगटाच्या पुढे पांढरा हात आला, आणि त्या हातातला भाला सुटलेला नव्हता. इतकी वर्षं सगळ्यांना वाटलं होतं की पडलेला तरुण दयेची भीक मागतोय, हात उचलून. ती भीक मागत नव्हती. ती अजून लढत होती.

“का ठेवलात?” मिर्तोनं शेवटी विचारलं. “घासलं, चूक झाली, समजू शकते. कुणालाही झाली असती. सांगायचं होतंत. नंतर तरी. साहेब गेल्यावर तरी.”

“घासल्याचं नाही गं मला एवढं,” स्तामाता म्हणाली. ती स्टुलावर बसली. पुढचं सगळं तिनं एका दमात सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

“लाम्ब्रिनी माझी बहीण. सत्तेचाळीसला डोंगरावर गेली, एकोणीस वर्षांची होती. वेणी कापून चुलीत टाकली आणि गेली. बंदूक होती तिच्याकडे. आम्ही सांगायचो, अथेन्सला कुणाच्या घरी कामाला आहे. एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात शिपायांनी पाच प्रेतं ट्रकमधून आणली आणि चौकात, झऱ्यापुढे, ओळीनं टाकली. सगळ्या गावाला बोलावलं. कुणाचं कोण ते ओळखा म्हणाले. ओळखलं की काय होतं ते आम्हाला माहीत होतं. शेजारच्या गावात ओळखलं होतं. घर जाळलं, बापाला कैद्यांच्या बेटावर नेलं, तो परत आला नाही.

“चौथी ती होती. पुरुषाचा कोट, डोकं भादरलेलं, चेहऱ्यावर वाळलेला चिखल. बापाला विचारलं. तो नाही म्हणाला. आईला विचारलं. आईच्या तोंडून शब्द फुटेना, नुसते ओठ हलत होते, आणि तो लेफ्टनंट तिच्या तोंडाकडे बघायला लागला. मग मीच पुढे झाले. तेरा वर्षांची होते. म्हटलं, साहेब, आई घाबरट आहे. हा कुणी परका पोरगा आहे, आमच्या गावचा नाही.”

तिनं समोरची बशी बाजूला सरकवली.

“त्यानं लिहून घेतलं, पाच अनोळखी पुरुष. गावातल्या चार जणांना खड्डा खणायला लावला, स्मशानाच्या भिंतीबाहेर. रात्री जेवताना बाप मला म्हणाला, चांगलं बोललीस. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं तिचं नाव घेतलं नाही. आणि आई तिला जिवंतांत लिहीत राहिली.”

मिर्तो रडत होती. स्तामाता रडत नव्हती, तिला थोडा रागच आला.

“तू रडू नकोस. तुझं काम कर. मी दोनदा एका बाईचा पुरुष केला. एकदा जीव वाचवायला, एकदा नोकरी वाचवायला. पहिल्याचा मला पस्तावा नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन. पण ही,” तिनं टेबलाकडे बोट दाखवलं, “हिला माझ्यापासून काय धोका होता?”

“मी लिहीन, तुकडा सतरा नंबरच्या पेटीत सापडला,” मिर्तो डोळे पुसत म्हणाली. “कुणाला कळायचं नाही. तुम्हाला त्रास नको.”

“नको. खरं लिही. माझं नाव घाल आणि साल घाल. आणि डायमांतोचं नाव काढ.”

तसंच लिहिलं गेलं. अथेन्सहून एक अधिकारी आला, तिच्या नातवाच्या वयाचा. “बाई, तुमच्यावर खटला होऊ शकतो, कळतंय ना?” तो म्हणाला. “कळतंय,” ती म्हणाली, “करा.” त्यानं जबाब लिहून पुढे सरकवला. आमच्याकडच्या त्या वयाच्या माणसांना सरकारनं पुढे केलेल्या कागदावर सही करणं काय असतं ते त्या मुलाला माहीत नव्हतं. तिनं जबाब दोनदा वाचला, त्यातला ‘अनवधानाने’ हा शब्द खोडायला लावला आणि सही केली. फाइल अथेन्सला गेली. तिचं पुढे काय होईल ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

पितळी पाटी मात्र नवी कोरली गेली. ‘वीर आणि अमेझॉन. पडलेल्या योद्धा स्त्रीचा पांढरा रंग धुताना गेला. फक्त उजव्या हातावर शिल्लक आहे.’ मिर्तोनं ती बसवायच्या आधी स्तामाताला दाखवली. स्तामातानं बोटानं अक्षरं चाचपली आणि “ठीक आहे” एवढंच म्हणाली.

मेच्या अखेरीस मृतांचा शनिवार आला. या दिवशी उकडलेल्या गव्हात साखर, बदाम, मनुका घालून ताटं चर्चमध्ये नेतात आणि फक्त गेलेल्यांची नावं वाचली जातात. एरवी स्तामाता छोटी वाटी न्यायची. या वेळी तिनं आईचं मोठं ताट काढलं. वर पिठीसाखर पसरली आणि चंदेरी साखरगोळ्यांनी क्रूस काढला. मग कागद घेतला. उजवीकडे आई, बाप, थिमिओस. खाली डायमांतो, ती नात्याची नव्हती तरी. आणि सगळ्यांच्या वर थोडी जागा सोडली होती तिथं लाम्ब्रिनी.

दारातच पाद्रीबाबांनी कागदावर नजर टाकली. “मावशी, बहिणीचं नाव चुकून या बाजूला आलं.”

“चुकून त्या बाजूला होतं.”

त्यांचं हसू गेलं. “अरेरे. कधी गेल्या? कळवलं नाहीत.”

“एकोणपन्नास साली. इथं चौकात.”

पाद्रीबाबा नव्या पिढीचे, दूरच्या गावचे. त्यांना नीट कळलं नसेल, पण त्यांनी पुढे विचारलं नाही. वेळ आली तेव्हा त्यांनी कागद उचलला आणि पहिलं नाव मोठ्यानं वाचलं. चर्चमध्ये कुजबुज थांबली. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्या बाजूला वाचलं जात होतं, आणि म्हाताऱ्या बायकांनी एकीपाठोपाठ एक छातीवर क्रूसाची खूण केली.

बाहेर आल्यावर ती ताट घेऊन दारापाशी उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला ओंजळभर गहू देताना म्हणत होती, “लाम्ब्रिनीसाठी.” घेणारा म्हणायचा, “देव तिला शांती देवो.” कुणी तिच्या दंडावर हात ठेवला, कुणी नुसतंच पुढे गेलं.

सगळ्यांत शेवटी मित्सोस आला. नव्वदीच्या जवळचा, दोन काठ्यांवर चालणारा. हा माणूस जन्मभर तिला रस्त्यात दिसला की टोपी उतरवायचा आणि डोळे चुकवायचा. का, ते तिला ठाऊक होतं. खड्डा खणणाऱ्या चौघांतला तो एकटा उरला होता.

त्यानं एक काठी भिंतीला टेकवली आणि हात पुढे केला. तिनं गहू दिला. त्यानं तो खाल्ला नाही, मुठीतच धरला.

“तिला मी कडेला ठेवलं होतं,” तो म्हणाला. “बाकीच्या चौघांपासून जरा लांब. माझा कोट मध्ये घातला होता. भिंतीपाशी रानटी नासपतीचं झाड आहे ना, तिकडे डोकं आहे.”

“तुला कसं कळलं?”

“उचलताना कळलं गं. पोरगी होती. परक्या पुरुषांत कशी टाकायची?”